चारही भरल्यात

गणपती चार दिवसांवर आले की आमच्या कोकणच्या चाकरमान्यांना पोटदुखी सुटतेच. औषध एकच, रजेचं सर्टिफिकेट! चौऱ्याऐंशी सालीही सुटली. कांदिवलीकडच्या एका इस्पितळात दशरथ वॉर्डबॉय होता. ओपीडीच्या रांगेत दिवस जातो, म्हणून या शहाण्याने आपल्या चाळीतले चौघे थेट कॅज्युअल्टीच्या चारही खाटांवर आडवे केले. खाटांखाली गावी न्यायच्या पिशव्या बांधून तयार.

"दशरथा, माझी तीनची एसटी आसा," खाटेवरचा जयवंत डोळा मारत म्हणाला.

"आधी कण्ह ना नीट!"

डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत एका बाईच्या हाताला टाके घालत होत्या. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. आत मनोरीचा महादू कोळी. होडीची डोलकाठी छातीवर पडलेली, श्वासाला नुसती घरघर. बायको सरूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली.

"दशरथ, खाट आहे का रे?" डॉक्टरीणबाईंनी आतून विचारलं.

एकाला उठवायला कितीसा वेळ लागतो? पण उठवला असता तर लबाडी उघडी पडून नोकरीची वाट लागली असती.

"नाही बाई. चारही भरल्यात. सीरियस आहेत."

"मग अंधेरीला पाठव. पटकन!"

सरूबाईने हात जोडले. "भावा, जमिनीवर निजव रं त्याला. जमीन तर हाय ना?"

दशरथने दार लोटून घेतलं. मेल्याला तेवढंही जमलं नाही!

दोन वाजता पाळी बदलली. नव्या डॉक्टरने मान वर न करता सर्टिफिकिटांवर सह्या ठोकल्या आणि चौघे टुणकन उठून 'मोरया' म्हणत चालते झाले.

अडीचला तीच ॲम्ब्युलन्स परत दारात. अंधेरीतही जागा नव्हती. "तिथंच चला, आता तरी भुईवर घेतील," म्हणून सरूबाईने गाडी मागे फिरवायला लावली, आणि गोरेगावला महादूची घरघर थांबली. अरे देवा!

सरूबाई आत आली. रडत नव्हती. चारही रिकाम्या खाटा तिने एकेक करून पाहिल्या.

"आता हाय ना रं जागा?" ती म्हणाली. "चल, पायांकडून धर."

दोघांनी महादूला जयवंताच्या खाटेवर ठेवलं. चादर अजून कोमट होती. घरी निघालेल्या डॉक्टरीणबाई दारातच थबकल्या.

"दशरथ, सकाळचे ते चार सीरियस कुठे गेले?"

सरूबाईही त्याच्याकडेच बघत होती.

"गावाला गेले, बाई," दशरथ म्हणाला. "गणपतीला."