मुका भाग

आमच्या ह्यांनी जन्मभर बस चालवली आणि जन्मभर मला एकच सांगितलं, "अगं, जरा गप्प बस." तेही फक्त टीव्हीसमोर. एरवी माझ्यापुढे त्यांचं काही चालत नसे.

त्या खुनाच्या मालिकेचं तर त्यांना वेडच होतं. लॉजच्या मालकिणीचा खून झालेला आणि खुनी त्याच लॉजमधला. मालिका ऐन रंगात आली आणि ह्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. फुप्फुसं. वॉर्ड तळघरात, फोनला रेंज नाही, भिंतीवरच्या टीव्हीला केबल नाही. डॉक्टरांनी मला आणि लेकीला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस धरू नका. ह्यांनाही कळलं असावं. मी आत गेले तर म्हणाले, "खुनी कोण ते कळल्याशिवाय मी काही जात नाही." मी म्हटलं, "मग कळूच देत नाही." दोघंही हसलो, आणि मग मला डोळे पुसायला बाहेर जावं लागलं.

धाकट्या दिरांनी घरच्या सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून दिला. मालिका लागली की आपोआप रेकॉर्ड. मी ऐटीत तो पेनड्राइव्ह घेऊन गेले, नर्सबाईंनी वॉर्डच्या टीव्हीला लावला, तर पडद्यावर नुसतं निळं. दीर म्हणाले, "वहिनी, ज्या बॉक्सने भरलं त्याच बॉक्सवर दिसतं ते." म्हटलं, "मग बॉक्सच नेते उचलून." तर म्हणे सिग्नल मिळाल्याशिवाय बॉक्स काही उघडत नाही, आणि तळघरात सिग्नल कुठला. घ्या. म्हणजे आपणच भरायचं आणि आपल्यालाच कुलूप.

मग मी माझी पद्धत काढली. शिवणाचं मशीन टीव्हीसमोर ओढलं, दोऱ्याच्या रिळांमध्ये फोन उभा केला आणि पडद्याचंच शूटिंग घेतलं. जाहिरात लागली की थांबवायचं, संपली की पुन्हा सुरू. चित्र जरा तिरकं यायचं, पण यायचं. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या छातीवर उशी आणि उशीवर फोन.

पहिल्याच भागात माझी फजिती झाली. मालिकेपेक्षा माझाच आवाज मोठा. "हा मॅनेजर बघा, मेल्याची नजरच सरळ नाही." "अगं बाई, दार उघडं टाकून कुठे निघालीस?" मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच लेकीला, "गॅस बंद कर गं." टीव्हीसमोर तर मी एकटीच होते, बोलत कुणाशी होते देव जाणे. मी ओशाळले. ह्यांनी मात्र फोन कानाशी ओढला आणि डोळे मिटून पडले.

"अहो, डोळे मिटून काय बघता?"

"ऐकतोय," म्हणाले.

मला वाटलं, त्रास होतोय बिचाऱ्यांना, पण सांगत नाहीत. तरी माझी खोड जाता जाईना, रोज काहीतरी तोंडातून निसटायचंच. शेवटचा भाग आला तेव्हा मात्र मी चंग बांधला. कुकर आधीच उतरवला, लेकीला शेजारी धाडलं, आणि शिवताना धरते तशा टाचण्या ओठांत धरल्या, तोंड उघडूच नये म्हणून. खुनी कोण ते कळलं तेव्हा साधा हुंकारही दिला नाही. जन्मात इतकी गप्प बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ह्यांना नुसतं बोलायलाही धाप लागत होती. मी फोनवर तो भाग लावला. ह्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि डोळे उघडले.

"तू कुठेयस?"

"ही काय, इथेच."

"यात."

"शेवटचा भाग ना. म्हटलं, एकदा तरी तुम्हाला नीट ऐकू द्यावं."

ते पडद्याकडे बघू लागले. जराशाने पडद्यावर मॅनेजर आला, तर हे बारीक आवाजात, पण हुबेहूब माझ्या सुरात म्हणाले, "मेल्याची नजरच सरळ नाही." मग त्या मालकिणीची सून बाहेर पडली, तर, "अगं बाई, दार लाव." प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायला थांबत होते. माझी सगळी वाक्यं त्यांना पाठ होती. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मग म्हणाले, "आता तू बोल. मला होत नाही."

मी बोलले. खुनी पकडला जाईपर्यंत बोलत राहिले. आचारी निघाला तो. ह्यांना ते ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. डोळे मिटलेले होते आणि हात माझ्या हातात होता. संध्याकाळी ते गेले.

परवा लेक म्हणाली, "आई, तुझा फोन भरलाय, ते भाग काढून टाकू का?" मी काढू दिले नाहीत. पण ऐकतही नाही. काय ऐकायचं? सगळी माझीच बडबड. हे माझं सोंग आणत होते तेव्हा ते रेकॉर्ड करायचं काही मला सुचलं नाही, आणि फोन तर त्यांच्या छातीवरच होता.

तो मुका भाग तेवढा लावते कधीकधी. हे कुठे काय बोलले ते मला पाठ आहे. मॅनेजर आला की मी फोन जरा थांबवते. ह्यांना धाप लागायची ना.