फणसाची बंदूक

तुळशीदास मेस्त्रीची बायको तीन वेळा पोलिसांच्या गोळीने मेली आणि चौथ्या वेळी तापाने. पहिली तीन मरणं एकाच दुपारची. ती उरकल्यावर तिने भात आणि बांगड्याचं तिखलं पोटभर खाल्लं होतं. चौथ्या वेळी तुळशीदास कुवेतमध्ये होता, विमानं बंद होती, आणि मुलीने आईच्या कानाशी फोन धरला, तेवढाच काय तो तिच्यापाशी पोचला.

अबू हलीफाच्या त्या खोलीत सहा जण राहत. सहाही जणांना ही गोष्ट पाठ होती, आणि विश्वास एकाचाही नव्हता. वेंगुर्ल्याचा मुकेश तर नव्या माणसाची ओळखच अशी करून द्यायचा, "हे आमचे काका. शुऐबाक शटरिंगचा काम करतत. काकी डाकू होती."

"होतीच," तुळशीदास म्हणायचा. "आणि गप रव मेल्या, तुझी बायको साधा झुरळ मारूक शकत नाय."

खरी हकिगत अशी. तेहेतीस वर्षांपूर्वी मुंबईचा एक निर्माता कुडाळच्या खालच्या अंगाला, खाणवाडीत उतरला. त्याला काढायचा होता बायका-डाकूंचा सिनेमा, 'सात बहनें, सत्तर गोलियाँ'. चंबळला जायला पैसे नव्हते. जांभ्याची चिरेखाण बघून तो म्हणाला, हीच आपली चंबळ. चंबळीत माड नसतात असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मागच्या माडाला गोणपाटं गुंडाळून त्याचा बुरूज केला. घोडा एकच होता, लग्नात नवरदेव बसवायचा. त्याच्या डाव्या अंगाला चुना फासला. डावीकडून गेला की सरदारणीचा पांढरा घोडा, उजवीकडून आला की पोलिसांचा तांबडा. घोड्यालासुद्धा शेवटी कळेनासं झालं होतं म्हणतात, आपण कुणाच्या बाजूने आहोत. इन्स्पेक्टर झाला होता दशावतारातला संकासुर.

नटी एकटी मुंबईची. बाकीच्या सहा जणी गावच्या: चार काजूच्या कारखान्यातल्या, एक खाणीवर चिरे वाहणारी शेवंती, आणि एक सरपंचाची मेहुणी. मेहुणी अट घालून आली होती की ती मरणार नाही. नटी तर हिरॉईनच. आता गोळ्या सत्तर आणि मरायला बायका पाच. मग काय, मेलेल्या बाईने उठायचं, ओढणी बदलायची आणि पुन्हा मरायचं. काजूवाल्या रत्नमालेला मरणं तीन आली. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे ओळखायची कुणाची छाती नव्हती.

बंदुका करायचं काम बावीस वर्षांच्या तुळशीदासाकडे आलं. सहा त्याने खोक्याच्या फळ्यांच्या केल्या आणि काळा रंग फासला. सातवी फणसाची केली. दोन रात्री रंधा, कानस, पॉलिशपेपर करून ती हळदीसारखी पिवळी काढली, आणि तिला काही रंग देववेना. दिग्दर्शक ओरडला, "पीली बंदूक कहाँ होती है?" तुळशीदास म्हणाला, "साहेब, सोन्याची आहे. लुटीतली." दिग्दर्शकाला ते पटलं. तसल्या सिनेमात न पटण्यासारखं काय असतं?

ती बंदूक त्याने नेऊन रत्नमालेच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "ह्या लाटणा कोणाचा गो?"

पुढच्या वैशाखात दोघांचं लग्न झालं, ते तिच्या मामाने जमवून. म्हणजे ती लाटण्याला भुलली की मामाला घाबरली, हे गुलदस्त्यातच राहिलं. पहिल्याच महिन्यात त्याने विचारलं, "मरताना माझी बंदूक होती ना गो तुझ्या हातात?"

"ती? ती मी शेवंतीक दिलंय. जड होती मेली. माझ्या हातात काठी होती."

सिनेमा काही थेटरात लागला नाही. निर्माता घोड्याचंसुद्धा भाडं बुडवून गेला. नंतर कानावर आलं की त्याच्या कॅसेटी काढून आखातात विकल्या. लोक कुवेतला पगारासाठी आले. तुळशीदास म्हणायचा, मी सिनेमा बघायला आलो. हे मात्र थापेत धरायचं कारण नाही, कारण आल्याच्या पहिल्या शुक्रवारी लोक बँकेचा पत्ता विचारत होते आणि हा व्हिडिओच्या दुकानाचा. फहाहीलपासून मुरगाबपर्यंत एक दुकान त्याने सोडलं नाही. पुढे व्हिडिओची दुकानं गेली, सीडीची आली, तीही गेली. दर फोनला रत्नमाला विचारायची, "गावली काय कॅसेट?"

"नाय."

"बरा झाला."

चौथ्या मरणाच्या दिवशी, फोन कानाशी धरलेला असताना, त्याला काय बोलावं ते सुचेना. म्हणून त्याने पुन्हा त्या बंदुकीचंच विचारलं. पलीकडून श्वास ऐकू आला, आणि मग, "शेवंतीक. कितीदा सांगू?" हे तिचं शेवटचं वाक्य.

तिचे फोटो होते त्याच्याकडे. लग्नातला, रेशनकार्डावरचा, आधारवरचा. सगळ्यांत ती मॅजिस्ट्रेटसमोर उभी केल्यासारखी. त्याला ती हलताना बघायची होती, आणि मरताना तिच्या हातात काय होतं तेवढं एकदा बघायचं होतं. काठी असेल तर काठी. बत्तीस वर्षांच्या संसारात एकदाही ती "तुम्ही बरे" म्हणाली नव्हती. काठी निघाली असती, तरी आता जाब विचारायला ती होती कुठे?

अबू हलीफातच मोबाइल दुरुस्त करणारा मजीद, मूळ रत्नागिरीकडचा. त्याच्या वडिलांची व्हिडिओ लायब्ररी होती. सुलैबियाच्या गोदामातलं जुनं सामान काढताना त्याला वडिलांचं एक खोकं सापडलं. त्या गुरुवारी त्याने फोन केला, "तुळशीभाय, बसा आधी. बसलात? सात बहनें."

शुक्रवारी नमाज आटोपल्यावर तुळशीदास इस्त्रीचा शर्ट घालून मजीदच्या घरी गेला. मागोमाग मुकेश, बोलावलं नसताना. मजीदची बायको नूरजहाँ हिने चहा आणि शेवकांडं पुढे ठेवली आणि तीही टेकली.

मजीद कॅसेट उजेडात धरून म्हणाला, "बुरशी आलीय. एकदाच चालेल. मागे न्यायची, थांबवायची, ते विसरा. आणि एक सांगून ठेवतो, अब्बांनी कात्री चालवलेली आहे. नको ते सगळं उडवलंय."

"नको त्यात आमची बायको नव्हती," तुळशीदास म्हणाला.

सिनेमा सुरू झाला. नटी अंघोळीला खाणीच्या पाण्यात उतरली आणि दुसऱ्या क्षणी कोरड्या केसांनी घोड्यावर बसलेली होती. अब्बांची कात्री. मुकेश हसून हसून लोळला. मग गोणपाटाचा बुरूज दिसला, त्याला वर झावळ्या होत्या, आणि तुळशीदासाचे डोळे उगाचच भरले. मग कड्यावर सात जणी आल्या. तोंडाला फडकी, हातात बंदुका. तिसरीच्या हातातली पिवळी, हळदीसारखी.

"काकानू, काकी खंयची ता तरी दाखवा."

"पिवळी बंदूक ती शेवंती," तुळशीदास म्हणाला. "काठीवाली बघ."

पण काठीवाली कुणी नव्हती. त्याने दोनदा मोजलं. बायका सात, बंदुका सात. अब्बांनी काठी कापली की काय? पहिली चकमक झाली. पिवळी बंदूकवाली छातीवर हात मारून पडली. बाकीच्या पडताना बंदुका फेकत होत्या, दिग्दर्शकानेच तसं शिकवलं होतं. ही पडली ती बंदूक पोटाशी घेऊन.

"शेवंती गेली," मुकेशने जाहीर केलं.

पुढच्या दृश्यात शेवंती हिरवी ओढणी घेऊन धावत आली. नूरजहाँने मजीदकडे बघितलं. "आताच मेली ना ही?"

"माणसं कमी होती," तुळशीदास म्हणाला, पण त्याचं लक्ष पडद्यावर होतं. ती धावत होती. जांभ्यावरून अनवाणी, कासोटा आवळून, एका पायाने जराशी तिरकी. विहिरीवरून घागर आणताना एक बाई अशी तिरकी चालायची. तुळशीदासाने हातातला कप खाली ठेवला.

ती दुसऱ्यांदा मेली. पुन्हा पोटाशी बंदूक.

"ही बाय मरतेय, पन बंदूक काय सोडीत नाय," नूरजहाँ म्हणाली.

मुकेश उठून बसला.

तिसऱ्यांदा ती तांबड्या ओढणीत मेली, अगदी कॅमेऱ्याच्या पुढ्यात. संकासुर इन्स्पेक्टर ऐटीत आला. त्याने प्रेताच्या हातातली बंदूक उचलून उंच धरायची होती. तो वाकला, ओढली. निघेना. पुन्हा ओढली. प्रेत वीतभर सरकलं, पण बंदूक सुटली नाही. त्या हिसक्याने तोंडावरचं फडकं घसरलं आणि वीस वर्षांची रत्नमाला डोळे गच्च मिटून, खालचा ओठ दातांत धरून हसू दाबत पडलेली दिसली. आवाज मागाहून भरलेला होता, "डाकूरानी, तेरा खेल खतम!" पण संकासुराचे ओठ वेगळंच म्हणत होते, आणि ते गावच्या माणसाला वाचता येत होतं: सोड गो, मेलंस तू! मेलेल्या रत्नमालेचे ओठ जरासे हलले. नाय.

तेवढ्यात चित्र तिरपं झालं, मशीन करकरलं आणि पडदा निळा पडला.

"पट्टी खाल्ली," मजीदने झाकण उघडलं. रोलरमध्ये चुरगळलेली हातभर पट्टी. "एवढी कापून काढतो, दोन टोकं चिकटवतो. पुढची वीस मिनिटं चालतील."

"ह्या तुकड्यात ती आहे?"

"त्याच्यातच आहे."

"मग नको कापू."

"नाही कापली तर पुढचं दिसायचं नाही, तुळशीभाय. कसं करू बोला."

तुळशीदास चुरगळलेल्या पट्टीकडे बघत बसला. तीन मरणं झाली होती. तिला चौथं लिहिलेलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मुकेश हळूच म्हणाला, "काका, ती दर वेळी उठता हां."

"काप," तुळशीदास म्हणाला.

मजीदने वडिलांच्याच कात्रीने पट्टी कापली. तुकडा तुळशीदासाने बोटांनी सरळ केला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मशीन पुन्हा सुरू झालं. घोडा डावीकडून गेला, उजवीकडून आला. जमीनदार मेला. शेवटी सगळ्या जणी कड्यावर आल्या आणि बंदुका उंचावल्या. तुळशीदास सोफ्याच्या कडेला सरकून बोटाने मोजत होता. एक, दोन, तीन, चार. सरपंचाची मेहुणी पाच. नटी सहा. सगळ्या बंदुका काळ्या. मग 'समाप्त', मग निळा पडदा.

तो निळ्याकडेच बघत राहिला. नूरजहाँने चहा नवा केला.

"काकानू," मुकेशने विचारलं, आणि ह्या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "सातवी खंय गेली?"

तुळशीदासाने खिशावर हात ठेवला.

"बंदूक घेवन घराक गेली."