सोंडेला डोकं लागेपर्यंत

मित्रांनो, आधी टाचा खाली टेका. मान सरळ करा. टोपी काढा, डोक्यावर अंबाडा असेल तर तो सोडा. हं, आता ठीक आहे. मी एक जुना लाकडी हत्ती आहे आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. सवयच पडली आहे तशी, राग मानू नका.

हत्ती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भलंमोठं पोट आलं असेल. मला पोटच नाही. मी दोन बोटं जाडीचा सपाट हत्ती आहे. बाजूने पाहिलंत तर मी दिसणारसुद्धा नाही. माझे चार पाय नुसते रंगवलेले आहेत, खरा उभा आहे तो एका खांबावर. माझा सगळा रुबाब सोंडेत आहे. ती मी सरळ पुढे, आडवी धरलेली असते. ज्याचं डोकं तिला लागेल त्याने रोलर कोस्टरमध्ये बसावं, ज्याचं लागणार नाही त्याने पुढच्या वर्षी यावं. एवढंच माझं काम.

मी जन्मलो तेव्हा हा पार्क म्हणजे एक लहानशी बाग होती. गोल फिरणारे घोडे, एक आकाशपाळणा आणि मालकांनी मोठ्या हौसेने आणलेली छोटी रोलर कोस्टर. तिचे डबे ज्या लाकडी पेट्यांतून आले, त्याच पेट्यांच्या फळ्या जोडून सुताराने मला कापला. म्हणजे ती गाडी आणि मी एकाच घरातले. तिच्या वाट्याला पळणं आलं, माझ्या वाट्याला उभं राहणं. रंगाऱ्याचा करडा रंग घोड्यांवरच संपला होता, म्हणून मी निळा झालो. निळा हत्ती कुठे असतो का, असं विचारणारी मुलं मला अजून भेटतात.

मालक तेव्हा ऐन तरुण होते. त्यांनी स्वतः गुडघे टेकून माझ्या सोंडेची उंची ठरवली. गाडीत बसल्यावर मांड्यांवर एक दांडा येतो. मूल फार लहान असलं तर तो नीट बसत नाही आणि वळणावर ते निसटू शकतं. त्यामुळे मापात तडजोड नाही. मालक सुताराला म्हणाले, "खिळे असे ठोक, की उद्या मी स्वतः येऊन गयावया केली तरी ही सोंड हलता कामा नये." सुताराने तसे ठोकले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग कामाची वर्षं सुरू झाली. माझ्या जोडीला गेटवरच्या मावशी होत्या. गळ्यात शिट्टी, कमरेवर हात. मुलाच्या डोक्यावरचे केस तळहाताने चपटे करत त्या म्हणायच्या, "टाचा खाली. हत्ती बघतोय." आणि खरंच, मी डोळ्यांत तेल घालून बघत असे. काय एकेक नग भेटले म्हणून सांगू! कोणी बुटात मोज्यांचे बोळे कोंबून यायचं. कोणाची आई घरूनच केसांचा मनोरा रचून आणायची. एका बाबांनी तर लेकाला मागून कॉलरला धरून चक्क वर उचललं होतं. मुलगा खुंटीवरच्या शर्टासारखा लोंबकळत होता, आणि बाबा आकाशातले ढग बघत होते. मावशींनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं, तेवढ्याने मुलगा खाली आला.

नाही म्हणणाऱ्यावर कोण प्रेम करतं? मुलांनी माझ्याशी कट्टी घेतली, मला जीभ दाखवली, एकीने माझ्या पायाला चावाही घेतला. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण तीच मुलं पुढच्या वर्षी परत यायची. सोंडेखाली उभी राहून डोळे वर करून बघायची, की डोकं आणि सोंड यांच्यात केवढी जागा उरली. मागच्या वर्षी मूठभर होती, आता बोटभर आहे! मग घरचे सगळे वाकून बघायचे आणि सगळ्यांचे चेहरे खुलायचे.

खरं वाईट मला वेगळ्याच गोष्टीचं वाटायचं. एक दिवस एखाद्याचं डोकं माझ्या सोंडेला लागायचं. ते मूल एक आरोळी ठोकून गाडीकडे धूम पळायचं आणि पुन्हा कधीच माझ्याकडे फिरकायचं नाही. कशाला येईल? त्याला आता माझी गरजच उरलेली नसायची. वर्षानुवर्षं ज्यांची वाट पाहिली ती मुलं माझ्या हाताशी येतात, म्हणजे सोंडेशी येतात, आणि तिथून निघूनच जातात. शिवाय मी स्वतः त्या गाडीत कधी बसलेलो नाही. वर नेमकं काय होतं, लोक एवढे का ओरडतात आणि ओरडून हसत का उतरतात, हे मला कोणी सांगितलंच नाही.

न बसलेला आणखी एक माणूस होता. खुद्द मालक! उंचीला ते जाम घाबरायचे. कोणी म्हणालं, चला की एकदा, तर त्यांना नेमका तेव्हाच कुठेतरी ढिला बोल्ट दिसायचा आणि ते पाना मागत निघून जायचे. मावशी म्हणायच्या, आपल्या पार्कातला प्रत्येक बोल्ट घट्ट आहे तो मालकांच्या भीतीमुळे.

काळ पुढे गेला. घोड्यांचे रंग उडाले, गाडी कुरकुरू लागली, गर्दी ओसरली. मालकांची मुलगी एव्हाना कारभार बघत होती. ती रोज संध्याकाळी बाहेर पडण्याच्या फाटकावर उभी राहून घरी निघालेल्या लोकांना विचारायची, कसं वाटलं? लोक म्हणायचे, छान आहे हो, पण तासाभरात संपतं, आणि मुलं जरा मोठी झाली की यायला मागत नाहीत. ते ऐकून तिने ठरवलं, एक मोठी, नवी रोलर कोस्टर उभी करायची. मालकांनी आधी नाक मुरडलं, मग होकार दिला. घरात होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं.

क्रेन आल्या, आकाशात लोखंडी डोंगर चढू लागला. गाडीत आधी वाळूच्या पिशव्या बसवून फिरवल्या. पिशव्या ओरडल्या नाहीत, पण बघणारे कामगार मात्र ओरडले. माझ्या छोट्या गाडीचे डबे काढून त्यात फुलझाडं लावली. आणि गेटवर आलं एक चकचकीत यंत्र. मुलाने त्याच्यासमोर नुसतं उभं राहायचं. हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर बाहेर. नव्या गाडीसाठी लागणारी उंची आणि माझ्या सोंडेची उंची अगदी एकच निघाली, तेव्हा मुलगी हसून म्हणाली होती, "बाबा, तुमचा हत्ती बरोबर होता." एवढं कौतुक झालं आणि माझी रवानगी गोदामात झाली. फुटक्या दिव्यांच्या माळा माझ्या सोंडेला अडकवल्या गेल्या. त्यांना तिथे खुंटी हवीच होती.

गोदामात माझ्याकडे यायची ती फक्त लवंगी. ही मालकांची नात, मुलीची मुलगी. मिरचीएवढी लहान आणि तशीच तिखट, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. ती माळा बाजूला सारून माझ्याशी गप्पा मारायची. आजोबांनी तिला शब्द दिला होता, नव्या गाडीची पहिली फेरी सुटेल तेव्हा सगळ्यात पुढच्या डब्यात पहिली जागा तुझी. घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आजोबा पेन्सिलीने तिची उंची टिपत होते आणि तिची रेघ माझ्या मापाला कधीच पोचली होती. माझ्या सोंडेखाली मात्र ती उभी राहायची नाही. म्हणायची, आता एकदम त्या दिवशी. मला वरून बघून जरा शंका यायची, पण मला तोंड असूनही बोलता कुठे येतं?

तो दिवस उजाडला. फुगे, बँड, फाटकाबाहेर ही गर्दी! मला हे गोदामात ऐकू येत होतं. तेवढ्यात बँड थांबला आणि धावत दोन कामगार आले. त्यांनी माझ्या माळा काढल्या, मला आडवा धरला आणि पळत गेटवर आणून उभा केला. यंत्रावर लाल दिवा होता. त्याच्यासमोर नवा फ्रॉक घातलेली लवंगी उभी होती. तिने दोनदा करून पाहिलं होतं, दोन्ही वेळा लाल.

मालक सगळ्यांना सांगत होते, यंत्र बिघडलंय, माझा हत्ती कधी चुकत नाही. मग ते माझ्या कानाजवळ आले, हळूच खोकले आणि माझ्याकडे असं पाहू लागले की मला सगळं समजलं. माणसाने गयावया केली म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मित्रांनो, मला त्या पोरीचा फार लळा होता. शिवाय मी हो म्हटलं असतं तर माझं गोदाम सुटलं असतं. पण खिळे तसेच होते.

लवंगी माझ्या सोंडेखाली उभी राहिली. मावशींनी तिचे केस चपटे केले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "टाचा खाली, बाळा."

बोटभर जागा उरली.

लवंगीचा ओठ थरथरला. "पण दाराला तर लागत होतं," ती म्हणाली. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते तिच्यासमोर तसेच गुडघे टेकून बसले, जसे कधीकाळी माझ्यासमोर बसले होते.

"दाराची चूक नाही गं. मीच रेघ जरा वर मारायचो. तुझा चेहरा खुलायचा ना, म्हणून. वाढतं अंग आहे, तोवर होईल तेवढी, असं वाटलं."

लवंगीने डोळे पुसले. मग तिने असं काही सांगितलं की मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मग माझ्या जागेवर तुम्ही बसा. आणि वर काय होतं ते मला सांगा. पण वाढवून सांगायचं नाही."

मालक इकडेतिकडे बघू लागले. मला वाटतं, ते ढिला बोल्ट शोधत होते. पण एकही सापडेना, सगळे त्यांनीच आवळले होते. मग ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि सगळ्यात पुढच्या डब्यात जाऊन बसले. गाडी डोंगर चढली, क्षणभर टोकावर थांबली आणि कोसळली. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. वाळूच्या पिशव्यांच्या वाटचं सगळं ओरडणं त्यांनी एकट्यानेच ओरडून घेतलं.

ते उतरले तेव्हा केस उभे होते आणि पाय आडवे पडत होते. पण ते हसत होते. थेट नातीपाशी आले आणि मोजून मापून सांगू लागले. चढताना भीती वाटते, कारण आवाज कटकट येतो. टोकावर फार शांत असतं. तिथून आपल्या घराचं छप्पर दिसतं. मग पोटात गोळा येतो, आणि पहिल्या वळणाला तो हसू होऊन बाहेर पडतो. लवंगी एकेक शब्द तोलून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, रडलात का? मालक म्हणाले, थोडा. तेव्हा तिचा विश्वास बसला.

कामगार मला परत न्यायला आले, तशी तिने माझा पाय धरला. आईला म्हणाली, "यंत्र नुसतं नाही म्हणतं. हत्ती किती उरलं ते दाखवतो." तिच्या आईने आयुष्यभर लोकांना कसं वाटलं हेच विचारलं होतं, तिला ते लगेच पटलं. त्याच दिवशी मला यंत्राशेजारी पक्का रोवला. रंगही मिळाला. करडा आणला होता, पण लवंगीने निळाच द्यायला लावला.

पुढच्या वर्षी ती आली. चपला काढल्या, टाचा टेकल्या. तिच्या केसांचा मऊ भांग माझ्या सोंडेला लागला. मावशींनी शिट्टी वाजवली, आणि लवंगी आरोळी ठोकून धूम पळाली. आजोबा तिच्या चपला हातात घेऊन माझ्याजवळच थांबले. त्यांनी पुन्हा बसायचं नाही म्हणून कानाला खडा लावला होता. मी मनात म्हटलं, चला, हीसुद्धा गेली.

गाडी खाली आली. सगळे हसत बाहेरच्या फाटकाकडे निघाले. लवंगी मात्र उलटी पळत आली, धापा टाकत माझ्या रंगवलेल्या कानाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ऐक. वाढवून सांगत नाही हं." आणि तिने पहिल्यापासून सगळं मला सांगितलं.

मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका, माझे रंग खरवडू नका, हे तर मी सांगणारच. पण एक आणखी करा. खूप मजा करून परतताना, गेटवर कोणीतरी दिवसभर उभं असतं, त्याच्यापाशी जरा थांबा. वर काय पाहिलंत ते त्याला सांगा. टोकावरून घराचं छप्पर दिसतं, हे मला आता ठाऊक आहे.