गेलेला एक फूट

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारा नव्हे हो, सुताराचा, माप घेणारा. पिवळ्या पात्याचा, सोळा फुटी. पण खरं सांगायचं तर आता मी पंधराच फुटांचा उरलोय, आणि ही सगळी कहाणी त्या गेलेल्या एका फुटाची आहे. सांगताना मला लाज वाटते. तरी सांगतो.

कारखान्यातून मी हातखंब्याच्या एका दुकानात आलो आणि तिथून भागोजी सुताराच्या खिशात. काय दिवस होते ते! रत्नागिरीत कुणाचं दार बसवायचं असो की कपाट करायचं असो, लोक म्हणायचे, "भागोजीचं माप ना? मग डोळे मिटून कापा." ऐकून मी असा फुगायचो! अहो, माप भागोजी सांगायचा, पण दाखवायचो तर मीच ना?

मग गुहागरला एका घराचं काम चालू असताना सागाची जड फळी माझ्यावर पडली. माझा पहिला फूट चेपला आणि चिरला. भागोजीने तो सरळ कापून टाकला आणि उरलेल्या टोकाला तारेचा आकडा वळवून बसवला. "चालतोय की अजून," म्हणाला. तेव्हापासून मी प्रत्येक माप एक फूट जास्त दाखवू लागलो. मी आठ दाखवले की भागोजी मनात एक वजा करायचा आणि सात धरायचा. त्याच्या ते अंगवळणी पडलं होतं. बाकी कुणाला हे ठाऊक नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही राजारामांच्या बंगल्यावर कामाला गेलो. राजाराम पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा बंगला बांधला. ते गेल्यापासून त्यांची बहीण नंदाआत्या तिथे एकटी राहायची. तिने लग्न केलं नाही. चाळीस वर्षं शिवणकाम केलं आणि कुणापुढे हात पसरला नाही. पुढच्या मोठ्या खोलीत सुपारीच्या बागेकडे एक खिडकी होती आणि त्या खिडकीशी तिचं मशीन. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन चालायची, पण एकदा का मशीनवर बसली की म्हातारपण कुठल्या कुठे पळायचं.

राजारामांचा मुलगा अभय आणि सून स्नेहल ठाण्याला राहतात. मे महिन्यात चार दिवस आणि गणपतीत आठ दिवस, एवढाच त्यांचा मुक्काम. त्यांनी बंगला नवा करायला काढला आणि त्यासाठी या खेपेला रजा काढून राहायला आले. मोठी खोली त्यांची, तिला जोडून नवीन बाथरूम, आणि मागची खोली आत्याची, असं ठरलं. बाथरूमला जागा हवी म्हणून मागच्या खोलीतला तुकडा कापून मध्ये भिंत घालायची होती.

त्या दिवशी भागोजी बिजागऱ्या आणायला हातखंब्याला गेला होता आणि मी त्याच्या पिशवीत राहिलो होतो. स्नेहलने मला उचललं आणि मागची खोली मापली. "साडेतीन फूट पलंग, दीड फूट मशीन, तीन फूट चालायला. झाले आठ! आत्यांचं मशीनसुद्धा मावतंय," ती खूश होऊन म्हणाली आणि माझ्या आठच्या खुणेवर तिने खडूची रेघ ओढली. मित्रांनो, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मीच खोटं बोललो. ती रेघ खरं तर सात फुटांवर पडली होती. मी आतल्या आत ओरडत होतो, पण टेपचं ओरडणं कुणाला ऐकू जातंय?

दुसऱ्या दिवशी भागोजी आला तेव्हा भिंत कमरेपर्यंत चढली होती. त्याने सवयीने मला लावलं, आठातून एक वजा केला आणि त्याचा चेहरा पडला.

"वैनी, काल माप कशान घेतलंत?"

"तुमच्याच टेपने. का हो, चुकलं काही?"

तुटका टेप वापरतो हे कबूल करायचं म्हणजे इतक्या वर्षांचं नाव मातीत. "नाय, काय नाय," भागोजी म्हणाला आणि त्याने मला खिशात कोंबलं. भिंत चढत गेली. त्या खिशात मला गुदमरल्यासारखं होत होतं.

आत्याचा पलंग मागे गेला. मशीन ठेवलं तर वॉकर अडकायचा. अभय म्हणाला, "आत्या, मशीन पडवीत ठेवूया का?"

"ठेव हो," आत्या म्हणाली. बस्स, एवढंच. पडवीत मशीनवर एक जुनी चादर पडली. आत्या दिवसभर पलंगावर बसून राहू लागली.

शेवटच्या आठवड्यात भागोजी दारं बसवत होता. स्नेहलला मोठ्या खोलीच्या खिडकीला पडदे हवे होते. "आत्या, तुम्हीच शिवा ना!" आत्या वॉकर टेकत आली आणि तिने खिडकीवर विती टाकल्या. "सहा. म्हणजे चार फूट."

स्नेहलने मला लावलं. "पाच आहे, आत्या."

"हत्! माझी वीत आठ इंचांची. चाळीस वर्षांत चुकली नाय ती."

स्नेहलने दोनदा मोजलं. मग माझं टोक उलटून पाहिलं. वळवलेल्या तारेपाशी शून्याऐवजी थेट एक फुटाची खूण होती. तिचा रंगच उडाला.

"म्हणजे मागची खोली... आत्या, ती सातच आहे?"

"सातच. भिंत झाली त्याच दिवशी मापली मी."

"मग बोलला का नाहीत?"

आत्या त्या खिडकीकडे बघत राहिली. "अगो, तुम्ही पलंग मापलात, मशीन मापलंत, भिंत मापलीत. आत्या, तुला कुठे राहायचंय, असं मला कोणी विचारलंन्?"

दारात भागोजी हातोडी घेऊन उभा होता. "वैनी, माझी चूक. टेप तुटका हाय. मला कळलंवतं, मी बोललो नाय."

स्नेहल आत्याजवळ खाली बसली आणि रडली. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "आता विचारते. तुम्हाला कुठे राहायचंय?"

"इथे," आत्या म्हणाली.

संध्याकाळी अभयने आणि भागोजीने मशीन उचलून खिडकीशी आणलं. पडवीत सुईला गंज चढला होता, तो आत्याने तेलाने काढला. मागची सात फुटी खोली अभय आणि स्नेहलने घेतली. वर्षातल्या बारा दिवसांना ती पुष्कळ झाली.

भागोजीने नवा टेप घेतला. मला तो फेकणार होता, पण आत्याने मला मागून घेतलं. माझ्या टोकाच्या तारेभोवती तिने लाल कापडाची पट्टी शिवली आणि तिच्यावर लिहिलं, 'एक वजा'. आता मी तिच्या मशीनच्या खणात असतो.

मित्रांनो, मोडकी वस्तू जरूर वापरा, पण ती कुठे मोडली आहे ते चारचौघांना सांगून ठेवा. आणि घरातल्या कुणाची खोली बदलायची झाली, तर आधी त्या माणसाला विचारा आणि मग टेप उघडा. मला तोंड नव्हतं. त्या घरात बाकी सगळ्यांना होतं.