बारा नंबरची सूचना

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई लहानपणापासून म्हणते. बोटांनाही नाही, हे ऑफिसला कळायची वेळ आली होती.

आमचा सर्व्हर दुसऱ्या गावात. काही चुकलं की तो सूचना धाडतो: एक नंबर, एक ओळ आणि तिच्या पोटात आम्हीच लिहून ठेवलेलं लांबलचक स्पष्टीकरण. जुन्या स्क्रीनवर ओळ तेवढी दिसायची, स्पष्टीकरण कुणी उघडत नसे. मग काय, रान मोकळं! ज्याला वरच्यांचा राग येई, तो तिथे ओकून मोकळा होई. मीही साहेबांवर चांगली वीसेक वेळा ओकले. सगळ्यात जहाल होती बारा नंबरची, साहेबांच्याही वरच्या मोठ्या बाईंवरची: ‘मोठ्या बाई बोलू लागल्या की सर्व्हर आणि माणसं, दोन्ही झोपतात.’ जुनी होती, कुणाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता नव्या स्क्रीनसाठी क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, लिहिला तो मीच. नंबर, ओळ, स्पष्टीकरण, सगळं उचलून आणणारा. स्पष्टीकरण दिसलंच पाहिजे, ही मोठ्या बाईंची अट. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे मला डेमोच्या सकाळी उमगलं. पुसायला धावले, तर सूचनांची फाइल बदलायचा अधिकार आता फक्त साहेबांना! डेमो नीट झाला तर मी कायम होणार होते, नाहीतर सोमवारपासून घरी.

“साहेब, मी चालवते ना.”

“सरक गं,” म्हणत साहेब बसले आणि तीस दिवसांच्या महिन्यात त्यांनी एकतीस तारीख टाकली.

‘सूचना ४७. तारीख चुकीची आहे. साहेब बसले असतील तर कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घ्यावा.’

साहेबांचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

“हे कुणी लिहिलं?” मोठ्या बाईंनी विचारलं. मेले मी!

“मीच,” साहेब म्हणाले. “गंमत म्हणून.”

“अगंबाई! बाकीच्याही बघू या की.” बाईंनी माऊस धरला. टेबलाखाली साहेबांचा पाय हलला आणि स्क्रीन काळी झाली.

“लाइन गेली वाटतं,” साहेब म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “सगळ्या वाचल्यास?”

“हो.”

“बारा नंबरचीसुद्धा?”

“पाठ आहे, साहेब.” मग माझी ट्यूब पेटली. “अय्या, तुम्ही?”

“तेव्हा मीही कंत्राटीच होतो गं.” त्यांनी माझा कायम नेमणुकीचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

“साहेब,” मी म्हटलं, “चष्मा.”

त्यांनी तो मुकाट्यानं डोळ्यांवर घेतला.