दोघांचं टायट्रेशन

होहोए गावच्या चर्चच्या शाळेत अग्बेन्येगा सरांचा वर्ग संध्याकाळी भरायचा, आणि त्यात येणाऱ्या प्रत्येकाने रसायनशास्त्रात एकदा तरी सणसणीत आपटी खाल्लेली असायची. एक पोलीस शिपाई होता, एक शिवणकाम करणारी बाई होती, आणि काफुई होती. काफुई लॉरी अड्ड्यावर आईबरोबर अकप्लेचे, म्हणजे मक्याच्या उकडीचे, गोळे आणि भेंडीचं सूप विकायची. वर्गात यायची ती केसांना चुलीचा धूर घेऊनच.

खरं सांगायचं तर सुरुवातीला ती मोलची गणितं शिकायला येत होती, नंतर नंतर एलिकेमसाठी. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, फक्त एलिकेमला नव्हतं. हुशार माणसांची अक्कल अशा वेळी कुठे शेण खायला जाते, देव जाणे.

एलिकेम सिमेंटच्या दुकानात कामाला होता. आकडेमोडीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन पदार्थ एकत्र केले तर आधी कोणता संपेल, हे गणित काफुईला काही केल्या सुटेना, तेव्हा त्यानेच तिची मान सोडवली.

"अगं, पातेल्यात सूप वीस जणांपुरतं आहे आणि गोळे तीस. किती गिऱ्हाइकं जेवतील?"

"वीस."

"आणि उरलेले गोळे?"

"ते आई माझ्या गळ्यात मारते. कोरडेच."

"झालं तर! जे आधी संपतं त्याच्यावरून हिशेब धरायचा. उरलेल्याकडे बघायचंसुद्धा नाही."

सरांनी महिनाभर घसा कोरडा केला होता तेव्हा जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते या एका वाक्यात शिरलं. शिकवणारा आवडता असला की मूर्खालाही शहाणपण येतं, आणि काफुई तर मूर्ख नव्हतीच.

एलिकेममध्ये एकच उणीव होती. त्याला रंग कळत नसत. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो आधी कामाला होता, तिथे लाल तार हिरवीला जोडून त्याने एका पास्टरचा रेडिओ जाळला आणि मालकाने त्याला हाकलून दिलं. आता टायट्रेशनमध्ये तर सगळा खेळ रंगाचाच. शंकुपात्रात सोड्याचं द्रावण, त्यात मिथिल ऑरेंजचे थेंब, आणि वरच्या ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब सोडायचं. पिवळ्याचं केशरी झालं की थांबायचं. एलिकेमला पिवळं काय नि केशरी काय, सगळं सारखंच.

वर्गात सामान तुटपुंजं होतं. ब्युरेट एक, पंचवीस मिलिलिटरची पिपेट एक, म्हणून सगळे जोडीजोडीने काम करायचे. एलिकेम तोटी फिरवायचा, काफुई डोळ्यांत तेल घालून रंग बघायची आणि म्हणायची, "थांब." मग तो वहीत आकडा मांडून पुढचं गणित चुटकीसरशी सोडवायचा. तेवढा वेळ दोघांची डोकी इतकी जवळ यायची, की त्याच्या शर्टावरच्या सिमेंटचा वास तिला यायचा. कधीकधी तिला वाटे, आज रंग बदलूच नये.

दोघांनाही किनाऱ्यावरच्या एकाच विद्यापीठात जायचं होतं. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं, तिला नर्स. काफुई मनातल्या मनात मांडे खायची: एकच बस, शेजारशेजारच्या सीट, खिडकीबाहेर समुद्र. त्याच्याकडून मात्र त्यातला चकार शब्दही कधी निघाला नव्हता.

प्रॅक्टिकल जवळ आलं तेव्हा तिने विषय काढला.

"परीक्षेत शेजारी मी नसेन. काय करणार आहेस?"

"आपोर येईल की."

आपोर म्हणजे फुटलेला पेपर. दर वर्षी फोनवरून फिरायचा, कधी खरा, कधी खोटा. प्रॅक्टिकलला तर एकच आकडा पुरेसा होता: किती आम्ल पडल्यावर रंग बदलतो तो.

"सरांना सांग ना. डोळ्यांचं कारण लिहून दिलं की मदतीला माणूस देतात म्हणे."

"आणि गावभर बोभाटा होऊ दे? रेडिओच्या दुकानातनं काढलं तेव्हा पोरं मला बैल म्हणायची. लाल फडकं नाचवायची समोर. पुरे झालं ते."

काफुईने आणखी रेटायला हवं होतं. पण रेटलं तर तो चिडेल, चिडला तर दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल, एवढंच तिला दिसलं. तिने विषय तिथेच सोडला.

परीक्षा गावाबाहेरच्या मोठ्या शाळेत होती. प्रयोगशाळा लहान, म्हणून दोन तुकड्या केल्या होत्या. एलिकेम सकाळच्या तुकडीत, काफुई दुपारच्या. एक तुकडी बाहेर पडताना दुसरी आत शिरत होती, आणि पहाऱ्यावरचे गुरुजी कितीही ओरडले तरी व्हरांडा अरुंद होता. एलिकेम तिला घासून गेला आणि पुटपुटला, "चोवीस पूर्णांक चार. फोनवर आलेला आकडा खरा आहे, गणित बरोबर बसतं." त्याचा चेहरा उजळला होता. तिलाही बरं वाटलं.

पण तिचा रंग साडेएकोणीसलाच बदलला. पुन्हा केलं, पुन्हा साडेएकोणीस. तिसऱ्यांदाही तेच. एलिकेमचं उत्तर कधी चुकत नसे. चुकले असतील तर आपलेच डोळे. तिने एकेक वस्तू उचलून पाहिली, आणि पिपेटच्या मानेवर तिला बारीक अक्षरांत वीस दिसलं. पंचवीस नव्हे, वीस. ते वीस धरून तिने आधी त्याच्या आकड्याने कच्च्या कागदावर सोड्याची शुद्धता काढली. एकशे पंधरा टक्के आली. बाजारातली सगळ्यात थापाडी बाईसुद्धा आपला माल शंभरात एकशे पंधरा शुद्ध आहे, असं सांगायला धजणार नाही.

तिने एकेक वस्तू उचलून पाहिली, आणि पिपेटच्या मानेवर तिला बारीक अक्षरांत वीस दिसलं. पंचवीस नव्हे, वीस. मग तिने आपलाच आकडा धरून पुन्हा हिशेब केला. ब्याण्णव टक्के. अगदी चोख.

तिला हायसं वाटलं, पण ते घटकाभरच.

"सर," तिने प्रयोगशाळेच्या मदतनिसाला हळूच विचारलं, "सकाळीही याच पिपेटी होत्या?"

"सगळ्यांना याच. नव्या आल्यात. जुन्या पंचवीसच्या कपाटात आहेत. जपून हाताळ, सकाळी दोन फोडल्यात."

फोनवरचा आकडा पंचवीस वापरणाऱ्या कुठल्यातरी शाळेतला होता, आणि एलिकेमने उत्तरपत्रिकेवर पंचवीसच लिहिलं असणार. शाळेच्या अहवालात वीस जाणार. तपासणाऱ्याला कळायला वेळ लागणार नाही. नक्कल म्हणून पेपर बाद होणार. तिने स्वतःचा खरा आकडा लिहिला.

बाहेर एलिकेम कडुनिंबाखाली उभा होता. हातात भाजलेली केळी आणि शेंगदाणे होते, दोघांपुरते.

"लिहिलंस ना?"

"पिपेट नीट बघितली होतीस का रे?"

"पिपेटीत काय बघायचंय? पंचवीसची असते. अशी काय बघतेस, भूत पाहिल्यासारखी? ब्याण्णव टक्के आली माझी!"

"माझीही," ती म्हणाली.

मग तो एकाएकी गंभीर झाला. केळं सोलल्यासारखं करत राहिला, खरं तर ते सोललेलंच होतं.

"काफुई, निकाल लागला की मामाला तुमच्याकडे मागणीचं दार ठोठावायला पाठवतो. बाटली घेऊन, रीतसर. चालेल ना तुला?"

एवढ्यासाठी तिने किती संध्याकाळी काढल्या होत्या! आणि ते आलं तेही निकालाची वेसण बांधून. सांगावं तर त्याचा हा चेहरा आत्ताच विझणार होता. न सांगावं तर निकालाच्या दिवशी विझणार होता, आणि त्यानंतर त्याचा मामा कुणाच्याच दारात जाणार नव्हता. तो होता तसाच मानी.

"निकालाची वाट कशाला?" ती म्हणाली. "उद्याच पाठव."

"उद्या? वेडी की काय! पदरात काही नसताना आलेला जावई तुझ्या आईला चालेल?"

"मला चालेल."

तो मोठ्याने हसला. त्याला ती चेष्टा वाटली. त्याने केळ्यातला मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि विद्यापीठातल्या खोल्या कशा असतात ते सांगायला लागला. काफुई ऐकत राहिली.