अंतर्ज्ञानी महाराजांना स्वयंपाकघर दिसेना

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या गुबगुबीत गादीवर महाराज डोळे मिटून एकेकाचं मन वाचत होते. "तिसऱ्या रांगेतल्या माउली, काल सुनेशी कपाटाच्या किल्लीवरून वाजलं ना?" माउली रडायलाच लागली आणि टाळ्यांनी छत हादरलं.

ऑपरेटरबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या या बाईंना असल्या थेरांची मनस्वी चीड. पण आज चिडून भागणार नव्हतं. शेजारी त्यांची धाकटी बहीण हात जोडून बसली होती. तिच्या छातीत गाठ होती, पुढच्या आठवड्यात गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि ती आता नको म्हणत होती. नवऱ्याखेरीज कुणालाही न सांगितलेली गाठ महाराजांनी भरसभेत ओळखली होती, वर "शस्त्र लावू नकोस, विरघळेल" असा आशीर्वाद दिला होता.

"ताई, त्यांना कळलं कसं मग?" धाकटीचा एकच हेका.

"ते मी शोधते. तोवर दवाखान्यात काही कळवू नकोस."

बाई तिच्याच घरी मुक्कामाला गेल्या. बैठकीत टीव्हीखाली काळी डबी होती. ही 'दर्शनपेटी' महाराज भक्तांना फुकट देत. तिच्यावर प्रवचन दिसे, शिवाय जगातले सगळे सिनेमे. ती सुरू करताना पडद्यावर बऱ्याच परवानग्या मागितल्या गेल्या. धाकटीने भक्तिभावाने सगळीकडे 'सहमत' दाबलं होतं.

"अगं, वाचलंस तरी का?"

"महाराजांनी विचारलेलं वाचत बसायचं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग धाकटीला स्वयंपाकघरात नेऊन महाराजांनी ओळखलेली एकेक गोष्ट विचारली. गाठ, शेजाऱ्यांशी दारावरून झालेलं भांडण, भाच्याची परीक्षा. सगळ्याची चर्चा बैठकीत झालेली.

"आणि तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा तू इथे ओट्यापाशी रडलीस. ते ओळखलं?"

धाकटीने आठवून पाहिलं. "नाही गं."

"म्हणजे अंतर्ज्ञान बैठकीपुरतंच! आता मी सांगते तसं बोल."

दोघी बैठकीत आल्या आणि खड्या आवाजात बोलू लागल्या. धाकट्या दिरांचा जहाजावर पाय मोडला, कसं होणार बाई!

रविवारी महाराजांनी डोळे मिटले. "मुली, तुझा दीर समुद्रात विव्हळतोय. पाय मोडलाय त्याचा."

धाकटी उठली. "महाराज, आमचे हे एकुलते एक आहेत. मला दीरच नाही."

महाराज क्षणभर गडबडले. "मागच्या जन्मीचा दीर, बाळ!"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात ऑपरेटरबाई डबी घेऊन पुढे आल्या. सोबत कोपऱ्यावरचा टीव्ही दुरुस्तीवाला होता. त्याने सगळ्यांदेखत डबीचं झाकण उघडलं.

"हा बघा माईक," तो म्हणाला. "बोलून चॅनल बदलायची सोयच हिच्यात नाही, मग माईक कशाला? टीव्ही बंद असला तरी ही इंटरनेटवरून काहीतरी पाठवत असते. दोन दिवस तपासलंय मी."

बाईंनी गादीमागचा पडदा सर्रकन ओढला. कानाला हेडफोन लावलेले दोन सेवक लॅपटॉपपुढे बसले होते. लॅपटॉपवर भक्तांच्या घरांची यादी होती. त्यांच्यापुढच्या बारक्या माईकमधून बोललेलं थेट महाराजांच्या जटांखाली, कानात लपवलेल्या यंत्रात ऐकू जात होतं.

"तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले," बाईंचा आवाज रागाने कापत होता. "जे कानावर पडलं, ते तिथंच सोडलं. या भामट्याने तुमच्या घरात कान पेरले आणि तुमचीच दुखणी तुम्हाला चमत्कार म्हणून ऐकवली!"

धाकटीने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "गुरुवारी मी येतेय," एवढंच ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

तिची तारीख हुकली नाही. महाराजांच्या शब्दावर ज्यांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या, त्यांचं काय झालं हे कुणाला ठाऊक? फुकट मिळालेली वस्तू घरात लावण्याआधी ती काय ऐकते आणि कुणाला सांगते, एवढं तरी विचारा. आणि तुमच्या मनातलं कुणी ओळखलं, तर पाया पडण्याआधी आठवून बघा, ते तुम्ही मोठ्याने कुठे बोलला होतात.